डायलिसिसवाल्यांची कातडी, नसा आन् फॉस्फरस : तुमचे प्रश्न

प्रश्न (परभणी): डॉक्टर, आईचं सहा वर्षांपासून डायलिसिस चालूए. मांडीवर जांभळी जाळी उठलीय, हात लावू देत नाही, आता मधोमध काळं पडलंय. गावात म्हणतात शुगरची जखम आहे. मलम लावू का?

उत्तर: नाही दादा, मलमात दिवस घालू नका, आजच नेफ्रॉलॉजिस्टला म्हणजे किडनीच्या डॉक्टरला दाखवा. मी पेशंट बघितला नाही, पण जांभळी जाळी, हाताला कडक लागणं आन् दिसतंय त्याच्यापेक्षा लई जास्त दुखणं म्हणल्यावर पहिला संशय कॅल्सिफायलॅक्सिसचा घ्यायचा, यात चरबीतल्या बारीक नसांमधे कॅल्शियम बसतं, त्यात गुठळी होऊन रक्त अडतं आन् वरची कातडी मरते. शुगरची जखम शक्यतो तळपायाला किंवा बोटाला होते आन् बऱ्याचदा दुखतही नाही, ही मांडी, पोट, कंबरेखाली होते. दुर्मिळ आहे, पण झालंच तर निम्म्याच्या आसपास पेशंट वर्षभरात जातात, जास्त करून जखमेतलं इन्फेक्शन रक्तात पसरून, म्हणून एवढं कडक लिहितोय.

आई रक्त पातळ व्हायची वॉरफेरिन गोळी घेते का? घेत असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा, त्या गोळीनं हा धोका वाढतो. पण मनानं बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरला विचारून बदलायची. डायलिसिस चालू असतानाच सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन देतात, सोबत ड्रेसिंग आन् दुखण्याची नीट औषधं. काळी पापडी घरी खरवडू नका, आन् मांडीत इन्सुलिन टोचत असाल तर त्या जागी बंद.

प्रश्न (लातूर): माझं कॅल्शियम नॉर्मल आहे, तरी एक्सरेत हाताच्या नसा पांढऱ्या दिसल्या. कसं काय?

उत्तर: रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असलं तरी नसेत साचू शकतं. आपल्याकडं बोअरच्या पाण्यानं पाइपात क्षार धरतो तसंच समजा, फक्त इथं नसेच्या भिंतीतल्या पेशी स्वतःच हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात, आन् त्यांना भरीस घालतो फॉस्फरस. तो रिपोर्टात 5.5 (mg/dL) च्या खाली आहे का बघा, पीटीएच (कॅल्शियम-फॉस्फरस सांभाळणारं हार्मोन) ची रक्ततपासणी पण करून घ्या. मनानं कॅल्शियमच्या गोळ्या नकोत.

प्रश्न (भूम): फॉस्फरसची गोळी झोपताना घेते, चालतं का?

उत्तर: ताई, वाया चालली ती. ही गोळी जेवणातला फॉस्फरस पोटातच धरती, म्हणून घासासोबतच घ्यायची. डायलिसिसला एका वेळी 1 ग्रॅमच्या आसपासच फॉस्फरस निघतो, जेवणातून जवळपास तेवढा रोज येतो, आन् डायलिसिस आठवड्यातून दोनतीनदाच. कुंथलगिरीचा पेढा एखादा ठीकय, कोल्ड्रिंक मात्र नकोच, त्यातला फॉस्फरस जवळपास सगळा अंगात जातो.