मैदानावरचा निरोप: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आमच्या फुटबॉल क्लबचे जुने कर्णधार गेले. पुढच्या सामन्याआधी मौन पाळावं की टाळ्या वाजवाव्यात, यावरून चाहत्यांच्या मंडळात दोन तट पडले आहेत. रीत काय?

रीती दोन्ही आहेत. दुर्घटना किंवा अकाली मृत्यू असेल तर मौन, आणि भरभरून जगलेल्या खेळाडूला टाळ्या, असा ढोबळ संकेत. ब्रिटनमध्ये टाळ्यांची पद्धत रूढ झाली ती नोव्हेंबर २००५मध्ये मँचेस्टर युनायटेडचा जुना खेळाडू जॉर्ज बेस्ट गेल्यानंतर.

पण खरा निकष व्यावहारिक आहे. मौन एका माणसाच्या आरोळीने मोडतं. टाळ्यांमध्ये तीच आरोळी बुडून जाते. मौन मोडण्यामागे दर वेळी खोडसाळपणाच असतो असंही नाही. स्टँडखालच्या मोकळ्या जागेत घोषणा ऐकू येत नाही, उशिरा आलेले लोक बोलत बोलत जिने चढतात, पाहुण्या संघाच्या चाहत्यांना कोण गेलं हेच माहीत नसतं. म्हणून त्यांच्या मंडळाला आदल्या दिवशीच कळवा. घोषणा दोनदा करा, किकऑफच्या (खेळ सुरू होण्याच्या) दहा मिनिटं आधी आणि संघ मध्यवर्तुळाभोवती उभे राहिल्यावर. पडद्यावर फोटो आणि नाव येऊ द्या, आणि त्या मिनिटापुरतं लोकांना जिन्यांवरच थांबवायला स्वयंसेवक ठेवा. सुरुवात आणि शेवट रेफ्रीच्या शिट्टीने होतो, तेव्हा पूर्ण साठ सेकंद हवेत हे त्यांच्याशी आधीच बोलून घ्या. गोंगाट झाला की शिट्टी तिसाव्या सेकंदालाही वाजते.

पाहुण्या चाहत्यांपर्यंत निरोप पोचवणं जमणार नसेल तर वाद घालत बसू नका, टाळ्या घ्या.

ते ८ नंबरची जर्सी घालत. आठव्या मिनिटाला सगळ्यांनी उभं राहायचं ठरवलंय, पण आठवं मिनिट नेमकं कोणतं?

गोलांच्या नोंदीत ७:०० ते ७:५९ हे आठवं मिनिट. चाहते मात्र बहुधा घड्याळात ८:०० दिसलं की टाळ्या सुरू करतात. दोन्ही चालतं, पण एकच ठरवून सांगा. नाहीतर एक स्टँड बसतोय तोवर दुसरा उठतो आणि दोन्हीकडच्या टाळ्या विरळ वाटतात.

त्याआधी एक खातरजमा करा. खेळाडू जुन्या जमान्यातले असतील, तर ‘त्यांचा’ नंबर होता का? पूर्वी त्या दिवशीच्या अकरा जणांना जागेनुसार १ ते ११ क्रमांक मिळत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही हंगामभर कायम क्रमांक आले ते १९९३–९४पासून. जुन्या संघयाद्या चाळल्या तर एकाच माणसाच्या नावापुढे कधी ८, कधी १० सापडेल. सर्वाधिक वेळा घातलेला क्रमांक घ्या, किंवा हा बेतच सोडा. १ नंबरच्या गोलरक्षकासाठीही ही कल्पना अवघड: पहिल्या मिनिटाला निम्मे लोक खुर्ची शोधत असतात.

ही प्रथा वर्षानुवर्षं टिकू शकते. स्पेनमधल्या सेव्हिया क्लबचे चाहते आपल्या दिवंगत आंतोनियो पुएर्तासाठी सोळाव्या मिनिटाला आणि एस्पान्योल क्लबचे दानी हार्केसाठी एकविसाव्या मिनिटाला टाळ्या वाजवतात. मार्च २०१८मध्ये इटलीतल्या फिओरेन्तिना क्लबच्या दिवंगत दाविदे आस्तोरीसाठी तर तेराव्या मिनिटाला खेळच थांबवला होता. तसं हवं असेल तर दोन्ही संघ आणि रेफ्री यांची संमती आधी लागते; चाहत्यांच्या हातातली ती गोष्ट नव्हे.

१२ बाय ६ मीटरचं चेहरा आणि नाव असलेलं बॅनर रंगवायचंय. कापड, रंग किती लागेल? नाव समोरच्या स्टँडमधून वाचता येईल?

आधी अक्षरं, कारण चुकतं तिथेच. दर ३ मीटर अंतरामागे अडीच सेंटिमीटर उंची, हा सहज वाचता येण्याचा हिशोब. समोरचा स्टँड ९० मीटरवर असेल तर अक्षर ७५ सेंटिमीटरचं हवं आणि रेघ सुमारे १२ सेंटिमीटर जाड. देवनागरीत हे माप अक्षराच्या फक्त धडाचं. वेलांटी-मात्रांसाठी वर आणि उकारांसाठी खाली प्रत्येकी तिसरा हिस्सा सोडा, म्हणजे एका ओळीला सव्वा मीटर लागतो. शिरोरेषा उभ्या रेघेपेक्षा बारीक ठेवा. जाड झाली की लांबून नुसता काळा पट्टा दिसतो. जोडाक्षरं आधी पुसट होतात, म्हणून निम्म्या मापाच्या कागदावर लिहून निम्म्या अंतरावरून वाचून बघा. आणि कृपा करून चार ओळींची कविता नको. आडनाव आणि दोन वर्षं पुरतात.

कापड हलकं पांढरं पॉलिस्टर. दीड मीटर पन्ह्याचं घेतलं तर १२ मीटरच्या चार पट्ट्या, म्हणजे ४८ मीटर. कडा दुमडायला धरून ५० घ्या. शिवणीत थोडी उंची जाते, तेव्हा शिवून झाल्यावरच चौकटी आखा. २४ बाय १२ सेंटिमीटरच्या फोटोवर १ सेंटिमीटरच्या चौकटी पाडा. कापडावर तीच चौकट ५० सेंटिमीटरची. फोटो काळा, करडा आणि पांढरा एवढ्यावर आणा. पांढरा म्हणजे कोरं कापडच. निम्मा भाग रंगवायचा असेल तर पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग एका हाताला सुमारे ४ लिटर. खाली प्लॅस्टिक अंथरा, रंग पातळच लावा. जाड थर घडीवर तडकतो, आणि ओला असताना घडी घातली की चेहऱ्याचा अर्धा भाग नावावर उमटतो. पूर्ण दिवस सुकू द्या आणि घडी न घालता गुंडाळा, वरची कड बाहेर राहील अशी.

वरच्या कडेला जाड पट्टी शिवून दर ५० सेंटिमीटरवर धातूची रिंग बसवा. खालची कडही बांधा, नाहीतर वाऱ्यात बॅनर उलटं फडफडतं. स्टेडियमकडून परवानगी आधीच घ्या. माप, जागा आणि कापड आग रोखणारं असल्याचा दाखला मागितला जातो, आणि हा दाखला रंगवण्याआधी मिळवायचा असतो. डोक्यावर धरायचं बॅनर असेल तर दोन-तीन मिनिटांत खाली घ्या. त्याखालच्यांना पायऱ्या दिसत नाहीत. जवळपास फटाके, फ्लेअर अजिबात नकोत.

पुतळ्यापाशी फुलं आणि मफलर ठेवायचेत. काही पथ्य?

फुलांवरचं प्लॅस्टिक काढून ठेवा. आत ओल कोंडून फुलं लवकर कुजतात आणि नंतर खतात घालायची तर कुणीतरी ते वेचत बसतं. चिठ्ठ्यांवर जेल पेन नको, पहिल्या पावसात शाई ओघळते. बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा. अ‍ॅक्रिलिकचे मफलर आणि मेणबत्त्या शेजारी ठेवू नका. चिठ्ठ्या आणि मफलर नंतर क्लब जपणार, की कुटुंबाला देणार, हे पहिल्याच दिवशी विचारून तिथे लिहून लावा.

आमच्या स्ट्रायकरला गोल केल्यावर जर्सी काढून आतला संदेश दाखवायचाय. चालेल का?

जर्सी काढली की पिवळं कार्ड, कारण काहीही असो. मारादोना गेल्यावर चार दिवसांनी, २९ नोव्हेंबर २०२० रोजी, मेस्सीने गोल करून आतली नेवेल्सची (मारादोनाच्या एका जुन्या क्लबची) १० नंबरची जर्सी दाखवली, त्यालाही मिळालं. आतल्या कपड्यावर वैयक्तिक संदेश दाखवायलाही नियमात मनाई आहे. त्यापेक्षा सगळ्या संघाने दंडाला काळी फीत बांधावी, किंवा सरावाच्या वेळी त्यांच्या नावाची जर्सी घालून किकऑफआधी ती मध्यवर्तुळात ठेवावी.

त्यांचा नंबर कायमचा निवृत्त करावा, असं निवेदन द्यावं का?

द्या, पण आधी स्पर्धेचे नियम वाचा. २००२च्या विश्वचषकासाठी अर्जेंटिनाने मारादोनाचा १० वगळून यादी पाठवली होती. क्रमांक सलग हवेत म्हणून फिफाने ती मान्य केली नाही आणि तो क्रमांक संघातल्या ओर्तेगाला मिळाला. क्रमांक सलग असण्याची अट तुमच्या लीगमध्ये नसेल, तर निर्णय क्लबचा. निवेदनात ‘सर्व वयोगटांच्या संघांतून’ की ‘फक्त मुख्य संघातून’ हे स्पष्ट लिहा, आणि सध्या तो नंबर घालणाऱ्या खेळाडूशी आधी बोला.