तांबं काढल्यावर कड्यांमधली जागा उरते का?

तुम्ही विचारलंय की कॅटिनेनच्या (साखळीतल्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या कड्यांच्या रेणूच्या) दोन कड्या रासायनिक बंधाने जोडलेल्या नसतात, तर आतला तांब्याचा आयन काढल्यावर त्याची जागा तशीच रिकामी राहते का आणि तिथे दुसरा कुणी बसतो का.

तशीच राहत नाही. मीही सुरुवातीला कुलूप-किल्लीचं चित्र (आधीच ठरलेल्या आकाराची जागा आणि तिच्यात नेमका बसणारा पाहुणा) मनात धरूनच हे वाचायचो, आणि त्यानेच सगळा घोळ होतो.

ज्याँ-पिएर सोव्हाज यांच्या गटाने १९८३ मध्ये स्ट्रासबर्गला केलेलं कॅटिनेन बघा. प्रत्येक कडीत एक फिनॅन्थ्रोलिन (धातूला धरणारा सपाट तुकडा), त्याचे दोन नायट्रोजन. दोन्ही कड्यांचे मिळून चार नायट्रोजन तांब्याला चतुष्फलकाच्या कोपऱ्यांतून धरतात. तुकडे असे आधीच तांब्याभोवती जमवले, म्हणून ४२ टक्के उत्पादन मिळालं. १९६० मध्ये वासरमन यांनी कडी आपोआप ओवली जाईल यावर भिस्त ठेवली होती, तेव्हा एक टक्काही हाती लागलं नव्हतं.

आता सायनाइडने तांबं काढा. कड्या सुटणार नाहीत, पण एकमेकींतून सरकतील. क्ष-किरणांनी स्फटिक तपासले तेव्हा दिसलं की एकमेकांना खेटून असलेली फिनॅन्थ्रोलिनं पार लांब गेली आहेत. म्हणजे पोकळी मोडलेली असते. पण तांबं परत दिलं की ती पुन्हा जुळते, आणि लिथियम, चांदी, अगदी प्रोटॉनसाठीसुद्धा जुळते. पाहुणा आल्यावर घर उभं राहतं, असं म्हणा हवं तर.

मला सगळ्यात आवडतं ते याच गटाचं पुढचं रोटॅक्सेन: एका दांड्यावर दोन कड्या ओवलेल्या, प्रत्येक कडीला झिंक पॉर्फिरिनची चपटी तबकडी. नायट्रोजनची दोन टोकं असलेला पाहुणा दोन्ही झिंकना धरतो, आणि तांबं काढलेलं असेल तर तबकड्या त्याच्या लांबीप्रमाणे जवळ किंवा दूर सरकतात. एकसंध सांगाडा असता तर एकाच मापाचा पाहुणा नीट बसला असता.

उलट उदाहरणही बघाच. ऑक्सफर्डच्या पॉल बीअर यांनी क्लोराइडभोवती रोटॅक्सेन बांधलं. क्लोराइड बदलून हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हा सैल धरला जाणारा आयन ठेवला, तरी अमाइडच्या हायड्रोजनांनी वेढलेला कप्पा अरुंदच राहिला, त्यामुळे ते क्लोराइडला अॅसिटेटपेक्षा घट्ट धरतं. नुसता दांडा घेतला तर पसंती उलटी होते.

पाहुणा किती घट्ट धरला जातो हे स्वतः मोजणार असाल तर एनएमआर टायट्रेशन (पाहुणा थोडा थोडा मिसळत चुंबकीय अनुनादाचे संकेत कसे सरकतात ते बघणं) करा आणि आतल्या अमाइड प्रोटॉनवर लक्ष ठेवा. द्रावकात पाणी फार असेल तर हायड्रोजन बंधांची पकड ढिली होते, तेव्हा द्रावक आधी ठरवा.