कोल्हापुरात सरकारी दवाखान्याच्या आयसीयूत पेशंट वाचतो का, की पुण्याला हलवावं?

तुम्ही लिहिलंय की मामा निमोनियाने चार दिवस व्हेंटिलेटरवर आहेत, दवाखाना सरकारी आहे आणि घरातले निम्मे लोक म्हणतायत इथं काय खरं नाही, पुण्याला न्या. मी आयसीयूत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे, चौदा वर्षं झाली, आधी एका छोट्या प्रायव्हेटमध्ये होतो आणि आता सरकारीत, कुठल्या ते विचारू नका, नोकरी करायचीय अजून. मामांचे पेपर मी बघितलेले नाहीत, त्यामुळं त्यांचं काय होईल ते मी सांगणार नाही आणि फोनवर ऐकून जो सांगतो त्याच्यापासून चार हात लांबच राहा. पण वाचतो का विचाराल तर हो, वाचतो, लई वाचतात. २०१०-११ साली देशभरातल्या शंभरावर आयसीयूंची पाहणी झाली होती, त्यात शंभरातले साधारण अठरा गेले, म्हणजे ब्याऐंशी उठले. व्हेंटिलेटरवरच्यांचा आकडा ह्याहून वाईट असतो ते खरं, पण 'नळी घातली म्हणजे संपलं' हे जे आपल्याकडं चहाच्या गाड्यावर बोलतात ते चूक आहे.

नातेवाईक येऊन पहिलं काय विचारतात माहितीय का, मशीन कुठल्या कंपनीचं आहे. कोणी विचारत नाही की रात्री तीनला बेडपाशी कोण असतं. माझ्या अनुभवात सगळं तिथं अडतं.

दोन गोष्टी सांगतो. पहिली छोट्या दवाखान्यातली. राधानगरीकडचा बारावीतला पोरगा, पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात कळ मारतेय म्हणून उठला, घरच्यांना वाटलं रात्रीचं काहीतरी बाधलं. सातपर्यंत पापण्या उघडेनात, थुंकी गिळेना, आणि आमच्याकडं आला तेव्हा श्वास नावाला उरलेला. अंगावर चावल्याची खूण शोधूनही सापडली नाही, मण्यारीचं बरेचदा असंच असतं. ट्यूब टाकली, सापाचं इंजेक्शन चालू केलं, पण मण्यारीनं एकदा स्नायू धरले की त्या इंजेक्शनचा फारसा उपयोग होत नाही, विष उतरेपर्यंत कोणीतरी श्वास द्यावा लागतो एवढंच. व्हेंटिलेटर दोन आणि दोन्ही चालू. मग अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. मी, आरएमओ म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, एक मावशी आणि पोराचा चुलता, आळीपाळीने. चुलत्याला शिकवलं की छाती उचललेली दिसली पाहिजे, तेवढंच दाबायचं, पाच-सहा सेकंदाला एकदा. त्याला घड्याळ बघून जमेना, तर तो 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' दोनदा म्हणायचा आणि दाबायचा, बरोबर भरायचं. दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ, मग एक मशीन मोकळं झालं. पोराच्या बाहुल्या पसरलेल्या, टॉर्च मारला तरी हलत नव्हत्या, शेजारच्या बेडचे लोक कुजबुजत होते की मेलेल्याला फुगवतायत. मण्यारीच्या पेशंटला असं बघून गेला म्हणायचं नसतं, हे आमच्या डॉक्टर मॅडमना ठाऊक होतं म्हणून तो जगला. आठव्या दिवशी ट्यूब निघाली आणि घोगऱ्या आवाजात त्यानं पहिलं विचारलं, काकाला चहा मिळाला का? चुलता त्या दुपारभर 'कोणतरी चहा आणा रं' म्हणून ओरडत होता, ते पोरगं सगळं ऐकत पडलेलं.

हाताने श्वास देणं हा काही गावठी जुगाड नाही, आयसीयू नावाची गोष्टच तिथून सुरू झाली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास बंद पडलेली माणसं शेकड्यांनी, मशीन मोजकीच. बियॉर्न इब्सेन म्हणून भूलतज्ज्ञ होते, त्यांनी गळ्यात भोक पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबायची असं ठरवलं आणि जवळपास दीड हजार मेडिकलची पोरं पाळ्या लावून बसवली. आधी शंभरात ऐंशीच्या वर मरत होते, ते निम्म्याच्या खाली आले.

दुसरी गोष्ट माझ्या पाळीतली आहे आणि ती सांगायला मला अजून जड जातं. तिथं मशीन नवं कोरं, दहा-बारा लाखांचं. रात्रपाळीला आठ बेड आणि आम्ही दोघं. नियमानं व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स पाहिजे, तो नियम भिंतीवर छान लावलेला असतो. मी तीन नंबरला छाती दाबत होतो आणि सात नंबरचा अलार्म वाजत होता, आणि खरं सांगतो, अलार्म रात्रभर इतके वाजतात की कान आपोआप बंद होतात. पोचलो तेव्हा तिथल्या आजींचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, चाळीसच्या घरात, नळी घट्ट कफाने बंद. मशीनची हवा ओली करणाऱ्या ह्युमिडिफायरमधलं पाणी संपलेलं, त्यानं कोरडी हवा जाऊन कफ वाळलेला. सक्शन करून कफ ओढला, नळी बदलली, पण आजी दोन दिवसांनी गेल्या. पाणी भरायचं राहिलं होतं, बाकी मशीनमध्ये काही बिघाड नव्हता.

गरीब देशांतले आकडे बघितले की हेच दिसतं. आफ्रिकेतल्या २२ देशांतल्या दवाखान्यांची पाहणी २०२५ मध्ये छापून आली, ॲडमिट असलेल्या दर आठातला एक अत्यवस्थ होता, त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त जनरल वॉर्डात पडलेले आणि पाचातला एक आठवड्याच्या आत गेला. निम्म्याहून जास्त जणांना ऑक्सिजन, सलाईन, श्वासाची वाट मोकळी ठेवणं असल्या साध्या गोष्टीसुद्धा नीट मिळत नव्हत्या. लांब कशाला जायचं, आपल्या महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, लाल विंचू चावलेली पोरं हातातून जायची, त्यांनी १९८० च्या दशकात ब्लडप्रेशरची स्वस्तातली प्राझोसिनची गोळी दिली आणि रात्र-रात्र उशाशी बसून बघितलं, मरणारे तीसएक टक्क्यांवरून अगदी थोड्यावर आले.

आणि मोठ्या दवाखान्याचं सगळं जसंच्या तसं उचलून आणलं तर भलतंच होतं. झांबियात सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या पेशंटना श्रीमंत देशासारखं भराभर सलाईन आणि बीपी वाढवायची औषधं देऊन बघितली, २०१७ ला निकाल आला, नेहमीच्या उपचारात ३३ टक्के गेले आणि ह्या नव्या पद्धतीत ४८. पाणी फुप्फुसात भरलं तर सांभाळायला व्हेंटिलेटर नको का हाताशी. त्यामुळं 'बाटली का लावली नाही' म्हणून सिस्टरशी भांडू नका प्लीज. मामांच्या निमोनियात तर उलट, फुप्फुस खराब असेल तर मशीनने छोटे छोटे श्वास द्यायचे असतात, २००० सालच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात नुसतं तेवढं केल्यावर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. पैसा शून्य, बटण फिरवायचं.

आता पुण्याचं. अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, चार-पाच तास धरा. ॲम्ब्युलन्समधल्या छोट्या बी टाइप सिलेंडरमध्ये दीड हजार लिटर असतो, मिनिटाला दहा लिटर लागला तर अडीच तासात खलास, दोन असले तरी खंबाटकी घाटात अडकलात की वांदे. २०१९ ला पुरात शिरोलीपाशी हायवेच बंद पडला होता, तेव्हा ज्यांना जायचं होतं तेसुद्धा इथंच राहिले. हलवायचंच असेल तर कारण पाहिजे, म्हणजे इथं डायलिसिस नाही किंवा अमुक ऑपरेशनचा सर्जन नाही असं. 'मोठं आहे' हे कारण नाही. हलवताना सोबत डॉक्टर आहे का, सिलेंडर किती, तिकडं बेड फोनवर नाही तर लेखी पक्का आहे का, हे आधी. मिरज तासाभरावर आहे, बेळगाव पण जवळ, ते लोक विसरूनच जातात.

पैशांचं थोडक्यात, सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आजच विचारा, घर गहाण टाकल्यावर नको. आणि सही करून घरी न्यायचा विषय निघाला तर तो पैसा संपला म्हणून निघालाय की डॉक्टरनी खरंच आशा सोडलीय म्हणून, हे वेगळं करून बघा. असे नेलेले किती जगले असते ह्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नसते.

उद्या भेटायच्या वेळी आत गेलात की बेडची डोक्याकडची बाजू वर केलेली आहे का बघा, दोन-दोन तासांनी कूस बदलतात का, पाठीला लाली आलीय का ते मावशींना विचारा, त्यांना सगळ्यात जास्त माहिती असतं. हात धुऊन जा. राउंडला डॉक्टर भेटले तर झोपेचं औषध रोज सकाळी थांबवून बघताय का आणि ऑक्सिजन किती टक्क्यांवर ठेवलाय एवढं विचारा, साठवरून पंचेचाळीसवर आला असेल तर बरंय म्हणायचं. जे सांगतील ते इथं लिहा, मला कळतं तेवढं सांगतो, फक्त आज नाइट आहे त्यामुळं उत्तर सकाळी नऊनंतर.