सायकलकट्टा: जावळीच्या रानात चाकं घालण्याआधी

मागच्या अंकात जावळीचा नुसता ओझरता उल्लेख केला, तर या महिन्याची निम्मी टपाल त्याच भागाची निघाली. त्यामुळे मडगार्ड, लहान मुलांच्या सायकली वगैरे प्रश्न पुढच्या वेळी. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा उत्तरं लिहितो, हे माहीत असलेल्यांनी उशिराबद्दल रागावू नये.

प्रश्न : काका, आम्ही चौघं मित्र, सगळ्यांकडे माउंटन बाइक. सातारा, कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, प्रतापगड असा तीन दिवसांचा बेत आहे. हा सगळा प्रवास रानातल्या कच्च्या वाटेनं होईल का? (पुणे)

सगळा नाही होणार, आणि तो हट्ट धरूही नका. यातला बराचसा रस्ता डांबरी आहे. जाड टायरच्या सायकलीवर डांबर तुडवायचं म्हणजे कमीपणा वाटतो काही जणांना. एकदा साताऱ्याहून कासला चढणारा यवतेश्वरचा घाट चढा, मग बोलू.

पहिला दिवस सातारा ते बामणोली. शहर संपतं तिथंच चढ सुरू होतो, अंग गरम करायला सपाटी मिळत नाही. कास सुमारे पंचवीस किलोमीटर. पठारावरून महाबळेश्वरच्या अंगानं जाणारी जुनी वाट आहे, तिला राजमार्ग म्हणतात. कुमुदिनी तलावाकडे पाय वळतात ते याच वाटेनं. सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे फुलांच्या हंगामात, तिथं सायकल घालायचा विचारही नको. एरवीसुद्धा आधी वनखात्याच्या चौकीवर विचारा, हो म्हणाले तरच जा, आणि मळलेली वाट सोडू नका. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे हे एक झालं. पण मुख्य गोष्ट मातीची. सड्यावर, म्हणजे या उघड्या पठारावर, जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, त्याच मातीत पुढच्या वर्षीचं बी. मागचं चाक लॉक करून घसरत नेलं की तेवढा पट्टा खरवडून निघतो. व्हिडिओसाठी हे करणारे पाहिलेत मी. त्यांची सायकल मी दुरुस्त करतो, पण त्यांच्याशी हसून बोलत नाही.

कासहून बामणोलीला उतरलात की समोर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. मुक्काम तिथंच करा. सकाळी लाँचनं तापोळा. लाँचवाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलून ठेवा, सायकली किती आहेत ते सांगा. सायकल आडवी ठेवताना डिरेलर, म्हणजे मागच्या चाकापाशी गिअर बदलणारा भाग, वर आला पाहिजे. खाली आला तर तो ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकतो, आणि तापोळ्यात हँगर मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी बरंच मागे सरकतं, तेव्हा काठचा चिखल तुडवत सायकल खांद्यावर न्यावी लागते.

तापोळा ते महाबळेश्वर हा खरा दिवस. जलाशय भरतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण 660 मीटर असते, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे पाऊणशे मजली इमारत चढल्यासारखं नाही, तीन वेळा चढल्यासारखं आहे. पुढं पेडलपाशी 32 दात्यांची चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागच्या चाकाला 50 ची मोठी चकती असेल तर बसून चढाल. जुन्या तीन चेनरिंगच्या सायकली असतील तरी हरकत नाही, तिथली सगळ्यात लहान चेनरिंग अशा चढासाठीच असते. पाणी प्रत्येकी तीन लिटर. मध्ये लांबच्या लांब टप्प्यात दुकान नाही.

आणि गवा. हा मुलूख गव्यांचा आहे आणि सायकलीचा आवाज होत नाही, हीच अडचण. वळणावर अचानक समोर आलात तर तो बिचकतो. आंधळ्या वळणाआधी मोठ्यानं बोलत राहा. समोर दिसलाच तर थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये ठेवा आणि हळूहळू मागं सरका. त्या वेळी घंटी नको, शिट्टी नको, फोटो तर नकोच. सूर्य मावळायच्या आत मुक्कामावर पोचायचं.

प्रश्न : आंबेनळी घाट उतरताना माझा ब्रेक लिव्हर दाबता दाबता हँडलला टेकला, जळका वास आला. थोडं थांबल्यावर पुन्हा ठीक. नवी सायकल आहे, फसवणूक झाली का? (ठाणे)

फसवणूक नाही, तुम्ही ब्रेक ओढत उतरलात. या घाटानं महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत बाराशे मीटरहून जास्त उतार आहे. एवढ्या उताराची सगळी ताकद कुठंतरी जायला हवी, ती उष्णता होऊन डिस्कमध्ये आणि पॅडमध्ये जाते. हलकासा ब्रेक सतत धरून ठेवला की डिस्कला निवायला वेळच मिळत नाही. पॅडचा वरचा थर जळून गुळगुळीत होतो. तेलात ओलावा शिरलेला असेल तर त्याची वाफ होते; वाफ दबते, तेल दबत नाही, म्हणून लिव्हर हँडलला लागतो. निवल्यावर वाफ विरते आणि ब्रेक परत येतो. परत आला म्हणून विसरू नका. तेल बदलून घ्या, पॅड बघून घ्या.

उतरायची रीत अशी. सरळ रस्त्यावर सायकल पळू द्या, वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट, जोरात लावा, वेग पाडा, आणि वळणात सोडून द्या. बूड सीटवरून जरा मागं. दर चार-पाच किलोमीटरला थांबा, धबधबे आहेतच की बघायला. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. बोट लावून तर अजिबात बघू नका. बोटावर गोल डाग घेऊन दुकानात येणारे असतात. घाटात नेहमी जाणार असाल तर पुढं 180 मिलिमीटरची डिस्क आणि धातूमिश्रित पॅड टाका. ते ओरडतात, पण लवकर दम टाकत नाहीत. रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेवर ब्रेक लागणारी सायकल असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, तेव्हा थांबणं दुपटीनं.

प्रश्न : मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. हेल्मेट घातलेली तरुण मंडळी हल्ली प्रतापगडाच्या रस्त्यावर फार दिसतात. सायकल चालवणाऱ्याची नजर पुढच्या खड्ड्यावर असते. त्याला इतिहास काय दिसणार? (चिपळूण)

सर, नजर खड्ड्यावर असते हे खरं. पण इतिहास पायांना कळतो, निदान या भागातला तरी.

गाडीनं महाबळेश्वरहून प्रतापगडाला माणूस तासाभरात पोचतो, भवानीमातेचं दर्शन घेतो, 1957 साली पंडित नेहरूंनी अनावरण केलेल्या पुतळ्यापाशी फोटो काढतो, दुपारी परत. त्याला 1656 चं जावळीचं महत्त्व सांगा, तो मान डोलावेल. शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि लगेच मोरोपंत पिंगळ्यांकडून हा गड बांधून घेतला, हे त्यानं पुस्तकात वाचलेलं असतं. पण इथंच का, याचं उत्तर काचेआडून मिळत नाही.

मी मुलांना घेऊन जातो तेव्हा मुंबई पॉइंटच्या बाजूला आधी थांबवतो. खाली पार गावाची दिशा दाखवतो. अफजलखान वाईला तळ देऊन होता. वाईची सुभेदारी पूर्वी त्याच्याकडे होती, मुलूख त्याला नवा नव्हता. तिथून तो वर आला आणि रडतोंडीच्या घाटानं पारला उतरला. रडतोंडी सायकलची वाट नाही, हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं पत्र तेच येणार. ती पायी करायची. सायकली वरच कुणाच्या तरी अंगणात ठेवून आम्ही थोडं उतरून बघतो. हत्ती, घोडे, उंट, तंबू, बाजारबुणगे हे सगळं त्या उतारावरून एकामागून एक. फौज कितीही मोठी असली तरी इथं ती एक लांबलचक ओळ होते.

मग परत वर येऊन डांबरी रस्त्यानं सायकलवर वाडा कुंभरोशीला उतरायचं आणि पारकडे वळायचं. मुलांना मी तिथं एवढंच विचारतो, आता वर काय दिसतंय? गड दिसतो. पण ज्या रानातून आपण आलो ते रान आतून दिसत नाही. त्यात कोण बसलंय ते कळायला मार्ग नाही. 10 नोव्हेंबर 1659 ला भेट झाली, गडावरून तोफेचा इशारा झाला, आणि नेताजी पालकरांचे आणि मोरोपंतांचे लोक याच झाडीतून पारच्या छावणीवर पडले. पळायचं तर मागं तोच चढ. त्या वेळी आमच्यातल्या एखाद्या मुलानं परत महाबळेश्वर चढायचंय हे आठवून सुस्कारा टाकलेला असतो, आणि मला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

पारमध्ये रामवरदायिनीचं देऊळ आहे, कोयनेवर दगडी कमानींचा जुना पूल आहे, शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा. पुलावरून सायकल चालवत नाही आम्ही, हातात धरून नेतो. गडावर तर सायकल पायऱ्यांच्या खालीच. 2025 च्या जुलैत जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांत प्रतापगड आहे, पण त्याआधीही पायऱ्यांवरून सायकल उडवणं हा गाढवपणाच होता.

तुम्हीच एकदा या सर, मुलांना सांगायला. जीपची सोय करतो, सायकलचा आग्रह नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. वासोट्याला सायकल घेऊन जाता येईल का? रात्री जंगलात तंबू टाकायचा विचार आहे. (कराड)

नाही आणि नाही. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, आणि ते अभयारण्य आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. बामणोलीहून वनखात्याची परवानगी काढून लाँचनं जायचं, पायी चढायचं, त्याच दिवशी परत यायचं. पावसाळ्यात बंद. तू बामणोलीपर्यंत सायकलवर ये, कुलूप लावून ठेव, आणि वासोटा पायानं कर. घरी खरं सांगून ये.

प्रश्न : जुलैत धुक्यात सायकल चालवायची फार इच्छा आहे. कोणती वाट घेऊ? (मुंबई)

कुठलीच नको. 2021 च्या जुलैत आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटून गेला होता, दरडींखाली गेला होता. धुक्यात ट्रकवाल्याला तुमचा लाल दिवा दिसत नाही. नोव्हेंबरात या. तोवर जळवाही कमी झालेल्या असतात.

प्रश्न : वय 54, गुडघे बेताचे, मुलानं ई-बाइक घेऊन दिली आहे. मधुमकरंदगडाबद्दल वाचलं. मला जमेल का? एकटी नाही, भाचा बरोबर असेल. (कोल्हापूर)

ताई, जमेल, आणि गर्दी नको असेल तर प्रतापगडापेक्षा इथंच जा. पारच्या पुढं चतुर्बेट, तिथून डोंगराच्या खांद्यावरच्या घोणसपूरला कच्चा रस्ता चढतो. दाट झाडी, सुट्टे दगड, मध्येच जांभी माती. गड 1,236 मीटर, पण सायकल घोणसपूरपर्यंतच. मल्लिकार्जुनाचं देऊळ बघा, पुढचा माथा पायी, गुडघ्यांना विचारून.

टायरमधली हवा कमी ठेवा. सव्वादोन इंची ट्यूबलेस असेल तर 25 पीएसआयच्या आसपास. ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडावर चिमटून पंक्चर होतं. मोटर सगळ्यात जोरदार मोडवर टाकून चढू नका. मागचं चाक सुट्ट्या दगडावर फिरतं आणि बॅटरी अर्ध्या वाटेत संपते. मधला मोड, हलका गिअर, पाय सतत फिरते. ई-बाइक वीस-पंचवीस किलोची, बंद पडली तर ढकलणं भाच्याच्या वाट्याला येईल, त्याला आधी जेवू घाला.

चार्जर बरोबर घ्या, पण गावातल्या विजेवर विसंबून निघू नका. चतुर्बेटला उतरायच्या आधी बॅटरीचा निम्मा काटा शिल्लक पाहिजे. घोणसपुरात जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी कळवायची काहीतरी सोय करा. अचानक गेलात तरी कुणी उपाशी पाठवत नाही, पण मग त्या घरच्या बाईचा दिवस तुमच्या भाकऱ्यांत जातो. पैसे देताना नाही म्हणतील. तरी द्या.