लघवीत प्रथिने ‘निल’, तरी पुन्हा तपासणी कशासाठी?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६४ आहे. काही महिन्यांपासून त्यांची कंबर दुखते, हिमोग्लोबिन ८.९ वर आले आहे आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढले आहे. लघवीच्या साध्या तपासणीत प्रथिने ‘निल’ असताना डॉक्टरांनी २४ तासांची लघवी जमवून ‘बेन्स जोन्स प्रोटीन’ तपासायला सांगितले आहे. पहिला रिपोर्ट चुकला का? हा कर्करोगच समजायचा का?

उत्तर : पहिला रिपोर्ट चुकला असेलच असे नाही. साध्या तपासणीतील पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे रक्तातील नेहमीचे प्रथिन ओळखते. डॉक्टर शोधत आहेत ती प्रतिपिंडांच्या घडणीतील ‘लाइट चेन’ ही लहान प्रथिने, म्हणजेच बेन्स जोन्स प्रोटीन, तिला सहसा कळत नाहीत. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी एकाच प्रकारच्या लाइट चेन बेसुमार तयार करतात आणि त्या लघवीवाटे बाहेर पडताना मूत्रपिंडाच्या नलिकांत साचून तिथे इजा करू शकतात. वडिलांच्या तिन्ही तक्रारी एकत्र पाहता डॉक्टरांची शंका रास्त आहे. निदान मात्र अजून झालेले नाही.

लंडनचे डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे १८४५ मध्ये असाच एक नमुना आला होता. ही प्रथिने असलेली लघवी तापवली की साधारण ४० ते ६० अंशांना गढूळ होते, उकळल्यावर बरीचशी निवळते आणि निवताना पुन्हा गढूळ होते. काही ठिकाणी याच नावाखाली अजूनही ही तापवण्याची चाचणी होते. ती पुरेशी संवेदनशील नसल्याने आपली तपासणी इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करणे) आणि इम्युनोफिक्सेशनने (त्यातील प्रथिनाचा प्रकार ओळखणे) होणार आहे ना, हे लॅबला आधीच विचारावे.

सकाळची पहिली लघवी टाकून देऊन वेळ लिहावी आणि त्यानंतरची प्रत्येक वेळची, दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेची धरून, लॅबने दिलेल्या कॅनमध्ये जमवून थंड ठेवावी. शौचाच्या वेळची लघवी बहुधा निसटते. तसे झाल्यास अंदाजाने भर न घालता लॅबला कळवून नव्याने सुरुवात करावी.

सोबत रक्तातील इलेक्ट्रोफोरेसिस आणि ‘फ्री लाइट चेन’ याही तपासण्या लागतात. असे प्रथिन सापडले तरी काहींमध्ये तो केवळ देखरेखीचा विषय असतो. मायलोमाच्या निदानासाठी सहसा अस्थिमज्जेची तपासणी करावी लागते. तोवर कंबरेसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर देऊ नका, कारण त्यांनी मूत्रपिंड आणखी बिघडू शकते; आधीपासून चालू असतील तर डॉक्टरांना आजच सांगा.