आजी-आजोबांसह स्कॉटलंडच्या बेटावर: आधी बोट, मग घर

प्रश्न: आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. जुलैत सासू-सासरे पुण्याहून येतायत आणि सगळ्यांनी मिळून स्कॉटलंडच्या बेटांवर आठवडाभर जायचं ठरतंय. ह्यांनी स्काय, मल, लुईस अशी तीन बेटं आणि रोज नवं हॉटेल असा तक्ताही करून ठेवलाय. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, सासऱ्यांचे गुडघे दुखतात. मला आत्तापासूनच दमायला झालंय. काय करू?

उत्तर: तो तक्ता आधी फाडा. तीन पिढ्या बरोबर असताना रोज सकाळी बॅगा भरायच्या, ही सहल नव्हे, बदली झाली. एकच बेट, एकच घर, शनिवार ते शनिवार.

बेट म्हणाल तर माझं मत मलला. (नावावरून हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.) स्काय देखणं आहे, पण तिथे पूल असल्यामुळे उन्हाळ्यात सगळं जग गाडी घेऊन पोचतं आणि नावाजलेल्या जागी पार्किंगसाठीच घिरट्या घालाव्या लागतात. लुईसची बोट अडीच तासांहून जास्त. मलला ओबनहून बोटीत बसलात की पाऊण-एक तासात क्रेगन्यूरला उतरता. मात्र मिल्टन कीन्सहून ओबनपर्यंत एका दमात जाऊ नका, ग्लासगोला रात्रीचा मुक्काम करा.

आता महत्त्वाचं. आधी बोटीत गाडीची जागा मिळतेय का बघा, मगच घराचे पैसे भरा. लोक नेमकं उलट करतात आणि मग शनिवारच्या बोटी भरलेल्या असतात. नाहीच मिळाली, तर लोकालाइन ते फिशनिश ही छोटी बोट आहे. तिथे रांगेत लागून चढायचं, पण तिथवरचा रस्ता लांबचा आणि वळणावळणाचा आहे. मागच्या सीटवर कुणाला गाडी लागत असेल तर विचार करा.

तारीखही सांगते. शाळा सुटल्या सुटल्या निघा, ऑगस्टवर ढकलू नका. स्टाफा आणि लुंगा या जवळच्या निर्मनुष्य बेटांवर पफिन असतात. केशरी चोचीचे हे ठेंगणे पक्षी बिळात घरटी करतात आणि माणसांपासून दोन हातांवर निवांत उभे राहतात. ऑगस्ट लागला की ते समुद्रात निघून जातात. ऑगस्टच्या मध्यावर जाऊन पोरांना रिकामी बिळं दाखवण्यात काय अर्थ आहे?

स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, यात तडजोड नको. बेटावरच्या हॉटेलांत मासळी उत्तम मिळते, पण सासूबाईंच्या वाट्याला चिप्स आणि चीज सँडविच येईल. पोहे, साबुदाणा, भाजणी, डाळी घरूनच न्या. काही राहिलंच तर ग्लासगोच्या अल्बर्ट ड्राइव्हवरच्या देशी दुकानांत मिळेल, दूध-भाजी ओबनच्या सुपरमार्केटात. कुकर इंडक्शनवर चालणारा घ्या आणि घरमालकाला शेगडी कोणती आहे ते आधी विचारा.

आणि फोडणी जपून. फेब्रुवारी 2022 पासून स्कॉटलंडमध्ये घराघरात एकमेकांना जोडलेले अलार्म लागतात. स्वयंपाकघरातला अलार्म उष्णता ओळखतो, पण दिवाणखान्यातला आणि बोळातला धूर ओळखतो. एक बोंबलला की सगळे बोंबलतात. सुक्या मिरच्यांचा खाट दिवाणखान्यात गेला तर वामकुक्षी घेणारे सासरे ताडकन उठून बसतील. म्हणून आतलं दार बंद, खिडकी उघडी. पण तीच खिडकी संध्याकाळी उघडलीत तर मिजेस आत येतात. चिलटाएवढे किडे, जुलै-ऑगस्टमध्ये ढगांनी, चावा मात्र डासाच्या वरताण. वारा पडला, हवा दमट झाली की त्यांचं राज्य. वारा असला की उडूच शकत नाहीत. तेव्हा फोडणीचं काम दुपारी, वाऱ्याच्या वेळी उरकून घ्या. अंगाला लावायचं औषध आणि तोंडावरून घ्यायच्या जाळ्या न्याच, जाळीत फोटो वाईट येतात तरी.

रस्ते दुतर्फा वाहतुकीचे पण एकाच गाडीच्या रुंदीचे, जागोजागी गाडी बाजूला घेण्याची सोय. ती जागा डाव्या हाताला असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा, आणि समोरच्याला हात करा. मागे गावकऱ्याची गाडी चिकटली असेल तर तिला पुढे जाऊ द्या. फोटोसाठी त्या जागेत गाडी लावणं म्हणजे शिव्या खाणं.

सगळ्यांनी सगळीकडे जायलाच हवं असं नाही. आयोना हे शेजारचं छोटं बेट सर्वांसाठी आहे. मलच्या टोकाच्या फिनफोर्टहून दहा मिनिटांची बोट, पाहुण्यांच्या गाड्यांना बेटावर बंदी, आणि संत कोलंबा सन 563 मध्ये जिथे येऊन राहिला तिथला मठ धक्क्यापासून सावकाश चालत गाठता येतो. स्टाफा मात्र तुम्ही चौघांनी करा. हलत्या बोटीतून उतरायचं, उभ्या पायऱ्या, ओला खडक. ते गुडघ्यांचं काम नाही. मुलांना तिथले षट्कोनी खांब दाखवून अंधेरीच्या गिल्बर्ट हिलची गोष्ट सांगा. दोन्हीकडे लाव्हा थंड होऊन तडकला आणि असे खांब झाले, आपल्याकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, इथे साधारण सहा कोटी. त्या दिवशी सासू-सासऱ्यांना घरीच राहू द्या. समुद्राकडे तोंड करून चहा पिण्यात त्यांना तुमच्यापेक्षा जास्त रस असतो, विचारून बघा. सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर मलवरच्याच ग्रुलाइनला लॅकलन मॅक्वारीची समाधी आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झालेला हा माणूस आधी मुंबईत फौजेत होता आणि त्याचं पहिलं लग्न 1793 मध्ये तिथेच झालं.

पोरांना डुंबायला कॅलगरीची पांढरी वाळू. कॅनडातल्या शहराचं नाव इथूनच गेलंय. पाणी मात्र गारठवणारं, वेटसूट न्या. छत्र्या नका नेऊ, तिथला पाऊस आडवा येतो. सासूबाईंना टोपीचा रेनकोट आणि घट्ट पकडीचे बूट इथे आल्या आल्या घेऊन द्या, नाहीतर त्या चपला घालूनच निघतील.

रात्री पावणेदहापर्यंत सूर्य मावळत नाही. मुलं झोपणार नाहीत, जाड पडदे आहेत का विचारा.

शेवटी औषधं. वाऱ्यामुळे किंवा बिघाडामुळे बोट रद्द होते आणि एखाद-दोन दिवस अडकायला होतं. सासऱ्यांच्या गोळ्या तेवढ्या जादा ठेवा, आणि त्या खिशात किंवा पर्समध्ये, बोटीच्या तळाशी गाडीत नकोत. प्रवासाचा विमा काढताना बीपी-शुगर लपवू नका. क्रेगन्यूरला लहान रुग्णालय आहे, मोठं दुखणं निघालं तर बेटाबाहेर न्यावं लागतं.