घरातला साधा प्रसंग माणसाच्या उंचीएवढ्या कॅनव्हासवर का रंगवतात? छोट्या चित्रात तेच साधत नाही का?

नाही साधत, असं माझं ठाम मत आहे. फ्रेंच चित्रकार एदगार देगाचं 'बेलेली कुटुंब' हे त्याच्या आत्याच्या कुटुंबाचं चित्र बघा. सुमारे 2 मीटर उंच, अडीच मीटर रुंद, पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहे. 1858 मध्ये फ्लॉरेन्सला आत्याकडे राहताना त्याने ते हाती घेतलं आणि पुढे काही वर्षं त्यावर काम केलं. आत्या लाउरा वडिलांच्या सुतकात, काळ्या पोशाखात ताठ उभी. मागच्या भिंतीवर त्याच वडिलांचं रेखाचित्र. नवरा खुर्चीत, आपल्याकडे जवळजवळ पाठ करून. मधे धाकटी जुलिया, एक पाय दुमडून बसलेली. नवराबायकोची नजर कुठेच भेटत नाही! त्या दोघांमधली रिकामी जागा एवढ्या आकारातच खरी वाटते, कारण आपणही त्या खोलीत उभे असल्यासारखे होतो.

शिवाय त्या काळी फ्रान्समध्ये एवढा कॅनव्हास सहसा इतिहास-पुराणातल्या प्रसंगांसाठी असे. पण कूर्बे या फ्रेंच चित्रकाराने 1849 मध्येच ओर्नान्स या आपल्या गावातल्या घरगुती जेवणानंतरची बैठक जवळपास याच मापात रंगवली होती. शक्य असेल तर ही चित्रं प्रत्यक्ष बघा, मोबाइलच्या पडद्यावर त्यातलं निम्मं हरवतं.